कोणी मेल्याशिवाय सुट्टी नाही

दिवाळी आटोपली की गोंदिया-गोरेगाव रस्त्यावरच्या त्या राईस मिलमध्ये कामगारांचे नातेवाईक धडाधड मरायला लागत. कोणाची आजी जायची, कोणाचा मामेसासरा, कोणाची चुलत आत्या. बॉयलरला भुसा टाकणाऱ्या केवळरामची सासू तर दर हंगामाला एकदा जायची. शेवटच्या खेपेला झालं असं की, सासू गेली म्हणून केवळराम सुट्टीवर, आणि जावई दिसत नाही म्हणून चौकशी करायला तीच सासू डबा घेऊन मिलच्या फाटकावर हजर! सगळ्या मिलनं पोट धरून हसून घेतलं. मुकादम नंदलाल मात्र हसला नाही. त्यानं फाटकावर जाऊन म्हातारीला हात जोडले आणि म्हणाला, "माय, तू अमर हायेस."

खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. आज या गावी, उद्या त्या गावी. शेजारशेजारच्या गावांच्या मंडया शक्यतो एका दिवशी येऊ देत नाहीत, नाहीतर पाहुण्यांनी जायचं कुठं? लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, जिलेबीच्या कढया चढतात, पोरापोरींच्या लग्नाच्या गोष्टी निघतात आणि रात्री मांडवात पहाटेपर्यंत नाटक चालतं. आपल्या गावच्या मंडईला जो घरी नाही, तो एक तर फार लांब गेलेला असतो किंवा भावकीशी भांडलेला. तिसरं कारण लोक ऐकून घेत नाहीत.

आणि नेमकं याच दिवसांत नवं धान मिलमध्ये येऊन पडतं. भिजवणीचे हौद भरलेले, बॉयलर धडधडतोय, उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाचं धान वाळतंय, पोती शिवून होत नाहीत तोच ट्रक फाटकाशी लागलेला. म्हणजे माणसाला गावी जायला हवं तेव्हाच मालकाला माणूस हवा. मंडईसाठी सुट्टी मागितली तर नंदलाल खेकसायचा. मयतीसाठी मागितली तर त्यालाही नाही म्हणता येत नसे. मग काय, मरणं आलंच.

चमेली पंधरे या मिलमध्ये आली तेव्हा तीही असंच एकदा आपल्या दीराला मारून मंडईला गेली होती. दीर चांगला धडधाकट, वनखात्याच्या रोपवाटिकेत तिच्या नवऱ्याबरोबर, मनीरामबरोबर, कामाला. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, पुढच्या साली भाऊले मार ना!" घरात हसाहशी झाली, पण चमेलीला ते खोटं आठवडाभर सलत राहिलं.

ही चमेली गोरेगावच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावची. लहानपणी आईबरोबर तेंदूपत्ता तोडला, मोहफुलं वेचली, आणि ते करता करता दहावी पास झाली. बाप अबोल होता. तो कामावरून आला की रागावला आहे, दमला आहे की नुसता भुकेला आहे, हे त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखावं लागे, कारण सांगायचा तो काहीच नाही. त्यामुळे माणूस काय बोलतो त्यापेक्षा बोलताना हात कुठं ठेवतो, नजर कुठं नेतो, हे आधी पाहायची तिला सवय लागली. आणि दुसरी सवय म्हणजे हट्ट. मिलमध्ये ती आधी पटांगणात धान पसरायच्या कामाला होती. पोती शिवायचं मशीन बायकांना देत नाहीत, असं कळलं. ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्या मशीनजवळ जाऊन उभी राहायला लागली. काही बोलायची नाही, नुसती पाहायची. मशीनवाला शेवटी वैतागून म्हणाला, "घे बाई, तूच शिव." त्यानंतर ते मशीन तिच्याकडून कोणी परत मागितलं नाही. मनीराम लोकांना सांगायचा, "हिच्याशी वाद घालाचा नाही. आपनच थकतो."

गेल्या दसऱ्याला मिलमालक सेठजींच्या पुतण्यानं, हिमांशूनं, तिला पॅकिंगची सुपरवायझर केलं. हिमांशू नागपूरला शिकून आलेला, मिलचा कारभार आता त्याच्याच हाती. पोरगा सरळ होता, पण सगळी कामं फोनवरच होतात असा त्याचा समज होता. त्याच्या या निवडीनं नंदलालच्या कपाळावर जी आठी पडली ती काही उतरली नाही. नंदलालचे केस या मिलमध्येच पांढरे झाले होते. त्याचा आवाज असा की बॉयलरजवळून ओरडला तर फाटकावरचा चौकीदार दचकायचा.

एका सकाळी केवळराम नंदलालपुढे येऊन उभा राहिला.

"मले जा लागते," तो म्हणाला.

"काऊन? कोन मेलं?" नंदलालनं मोठ्यानं विचारलं. "सासू?"

हमाल हसले, पोती शिवणाऱ्या बायका हसल्या. केवळरामनं मान वर केली नाही. तो तसाच उभा.

चमेली तांदळाच्या ढिगाजवळून हे पाहत होती. तिलाही हसू येत होतं, पण ते अर्ध्यातच थांबलं. केवळराम खोटं बोलायचा तेव्हा काय रंगवून बोलायचा! कोणत्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाला, सलाईनची बाटली कशी अर्धीच संपली, सगळं सांगायचा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आज तो एका वाक्यापुढे गेला नव्हता. आणि भुशाचं फावडं त्याच्या हातातच होतं. ते खाली ठेवायचं असतं, हेच तो विसरला होता.

ती जवळ गेली. हळूच विचारलं, "केवळरामभाऊ, कोन?"

"माय."

"जा," चमेली म्हणाली आणि तिनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"अन भुसा कोन टाकंल?" नंदलाल गरजला. "हा असाच नाटकं करते. बाई, तू नवीन हायेस, तुले समजत नाही."

"मी टाकीन ना काका. खोटा निघाला तं माया रोज कापा, त्याचा नोका कापू."

तिनं फाटकाबाहेर निघालेल्या ट्रकवाल्याला हात दाखवून केवळरामला बसवून दिलं, पदर कमरेला खोचला आणि दुपारी दुसरा माणूस येईपर्यंत बॉयलरच्या तोंडाशी उभी राहून भुसा टाकत राहिली. धगीनं चेहरा लाल झाला, भुशानं डोळे चुरचुरले. नंदलाल येता-जाता बघत होता. मदतीला आला नाही.

केवळरामची आई खरंच गेली होती. तेरवी करून तो परतला तेव्हा डोकं भादरलेलं. तो सरळ बॉयलरकडे गेला आणि भुसा टाकायला लागला. नंदलालनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. पोती शिवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या.

चमेलीला मात्र चीड आली होती. नंदलालची आली, हसणाऱ्यांची आली, आणि हसू ओठांपर्यंत आलं होतं म्हणून स्वतःचीही आली. खोटी मरणं सांगून सांगून या माणसानं आपली सगळी पत संपवली, आणि खरं मरण आलं तेव्हा त्याच्याकडे सांगायला काही उरलं नाही. ही काय मिल झाली? ती तडक हिमांशूच्या ऑफिसात गेली.

हिमांशूनं तिचं ऐकून घेतलं आणि मग त्याच्या मनातलं सांगितलं. तो म्हणाला, "चमेलीबाई, इस सीझन में कई बार लाईन रुकी है. मैंने ठेकेदार से बात कर ली. वो बाहर से आदमी लायेगा, यहीं शेड में रहेंगे. उनको न मंडई, न मयत."

"अन आमी?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला ते सांगायला बरं वाटत नव्हतं, हे तिला दिसलं. वाईट वाटणाऱ्या माणसाशी बोलता येतं, असा तिचा अनुभव होता. ती खुर्चीवर बसली नव्हती, ती आता बसली.

"भैया, धानाचा रोवना कसा होते, पाह्यला का तुमी? आज आमी तुमच्या बांधीत, उद्या तुमी आमच्या बांधीत. कोनाचाच रोवना राहत नाही. मंडया बी एका दिवशी नसतात. ज्याची मंडई तो जाईन, दुसऱ्या गावचा त्याच्या जागी उभा राहीन. मंग त्याची मंडई आली का हा उभा राहीन."

"और सब झूठ बोलकर उसी दिन चले गये तो?"

"सिधी सुट्टी भेटून राहिली तं खोटं कायले बोलतील?"

हिमांशू बराच वेळ पेन फिरवत राहिला. मग म्हणाला, "ठीक है. मंडया खतम होने तक. पर लाईन रुकी, तो ठेकेदार आयेगा. फिर मुझे मत बोलना."

सगळ्या मिलची रोजी आपण अंगावर घेतली आहे, हे जिना उतरताना चमेलीच्या लक्षात आलं. तिला भीती वाटली. पण परत वर जावंसं वाटलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांना शेडमध्ये बसवलं, ठेकेदाराचं सांगून टाकलं, आणि विचारलं, "कोनाची मंडई कधी हाये?"

जो तो आपल्या डब्यात बघतोय. गावांची नावं तोंडपाठ असलेली माणसं अशी बसली की जणू मंडई हा शब्दच त्यांनी पहिल्यांदा ऐकला. शेवटी उदाराम नावाचा जुना हमाल म्हणाला, "बाई, आज इचारसान, अन नेमकी त्याच दिवशी फाटकाले कुलूप लावसान. आमी का येडे हाओ?"

हे तिनं धरलं नव्हतं. खरं बोला म्हटलं की लोक खरं बोलतील, असं तिला वाटलं होतं. इतकी वर्षं खोट्यावर दिवस काढलेल्या माणसांना खऱ्याची भीतीच वाटणार. मग आधी आपणच बोलायला हवं.

"माया गावची मंडई बुधवारी हाये," ती म्हणाली. "मले जाचं हाये. कोनी मेलं नाही, कोनी बिमार नाही. माई बहीन येऊन राहिली, तिले भेटाचं हाये, जिलेबी खाची हाये, नाटक पाहाचं हाये. माया जागी कोन उभं राहते?"

मग मागून, कणी, म्हणजे तुटका तांदूळ, वेगळी काढणाऱ्या खुशबूचा बारीक आवाज आला. "ताई, मी राहीन. पन मंग शनिवारी माया गावची हाये."

"मंग शनिवारी तुया जागी मी."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि बांध फुटावा तसं सगळे एकदम बोलायला लागले. तुमची कधी, आमची सोमवारी, आमची त्याच्या आदल्या दिवशी, अरे मग तू माझा आणि मी तुझा! कागदावर काहीच उतरवलं नाही. ज्यानं त्यानं आपला जोडीदार ठरवला, रोवण्यात ठरवतात तसा. जोडीदाराला दगा दिला तर गावात तोंड दाखवता येत नाही, एवढी लिखापढी पुरेशी होती. उदाराम तेवढा शेवटपर्यंत डोकं हलवत होता, पण जोडीदार त्यानंही धरून ठेवला.

नंदलाल शेडच्या दाराशी उभा होता. "चालू द्या तमाशा," एवढं बोलून तो बॉयलरकडे निघून गेला.

चमेली बुधवारी मंडईला गेली, पहाटेपर्यंत नाटक पाहून सकाळी कामावर आली. डोळे ओढत होते, पण दिवस निभावला. तिला वाटलं, जमतंय. बाकीचेही जाऊन आले, लाईन चालू राहिली. मग शनिवार आला आणि गेला, आणि रविवारी सकाळी खुशबू तिच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"ताई, माया हातून घोटाळा झाला."

रात्रभर नाटक पाहून पोरगी मांडवातून सरळ ऑटोत बसून आली होती. डोळ्यावर झोप, कानात अजून नाटकाची पेटी वाजतेय. अशात तिनं कणी अख्ख्या तांदळाच्या पोत्यांत भरली. पोती शिवली गेली, हमालांनी ट्रकवर चढवली. कोणती कोणती पोती, तिला सांगता येईना.

चमेली धावत फाटकाकडे गेली. ड्रायव्हर चहा पिऊन गाडी सुरू करतच होता. तिनं ट्रकसमोर उभं राहून दोन्ही हात वर केले. मग पोती उतरवणं, टाके उसवणं, बघणं, पुन्हा शिवणं. पॅकिंगची सगळी माणसं त्यातच गुंतली आणि लाईन थांबली.

नंदलालनं सांगायच्या आधीच हिमांशू खाली आला. मशीन बंद असलं की मालकाच्या कानाला ते आधी कळतं. "मैंने क्या कहा था, चमेलीबाई?"

"लाईन रुकली नाही पायजे."

"और?"

"रुकली." खुशबू मागे रडत होती, उदाराम हातातलं पोतं तसंच धरून उभा होता. सगळी मिल चमेलीकडे पाहत होती. तिनं आवाज सावरला. "भैया, गेल्या हंगामात असाच माल तिकडून वापस आला होता ना? माल घेनारी पार्टी तुटली. तो माल कोनं भरला होता?"

"पता नहीं."

"आजवरी पत्ता नाही. सगळ्याईले मालूम असंल, पन कोनी बोललं नाही. आज ही पोरगी सोता येऊन बोलली. गाडी फाटकाच्या अंदर हाये, पार्टीले खबर बी नाही. तुमाले ठेकेदार आनाचा तं आना. पन त्याचा मानूस तुमाले येऊन सांगंल का, मी चुकलो म्हनून?"

हिमांशूनं ट्रककडे पाहिलं, उसवलेल्या पोत्यांकडे पाहिलं. खुशबूकडे पाहिलं तेव्हा ती उदारामच्या मागे सरकली. "ये नींद का क्या करेंगे?" त्यानं विचारलं. आवाज अजून कडकच होता, पण विचारलं होतं.

त्याचं उत्तर पोती शिवता शिवता चमेलीला सापडलं, आणि सापडल्यावर ती स्वतःवरच चिडली. सुट्टी मंडईच्या दिवशी नकोच आहे! मंडई रंगते संध्याकाळी, नाटक रात्री. माणसाला सुट्टी हवी ती दुसऱ्या दिवशी, झोपायला. मंडईच्या दिवशी दुपारपर्यंत काम करावं, गावी जावं, मनसोक्त जागावं आणि दुसरा दिवस झोपून काढावा. इतकी वर्षं हे कोणाला सुचलं का नाही? कारण मयतीची सुट्टी उद्यासाठी मागता येत नाही. मेलेलं माणूस आजच जाळावं लागतं.

हिमांशूनं हे ऐकलं आणि तो पहिल्यांदाच हसला. पण जाताना म्हणाला, "ठेकेदार को अभी मना नहीं किया है, याद रखना."

त्यानंतर काम मार्गी लागलं. लोक दुपारी हात धुऊन गावी जायचे आणि एक दिवस सोडून ताजेतवाने परत यायचे. जोडीदार वाट पाहत असायचा, कारण त्याची पाळी पुढं होती. सगळंच काही गोड नव्हतं, दोघांचं तर चांगलं भांडणही झालं. पण ते भांडण चमेलीसमोर येऊन झालं. पूर्वी तेच माणूस न येऊन झालं असतं. उरलेल्या हंगामात कोणाचा नातेवाईक मेला नाही, याचं उदारामला भारी नवल वाटत होतं.

मंडईच्या गप्पा निघाल्या की नंदलाल उठून जातो, हे चमेलीनं कधीचं टिपलं होतं. चहाला सगळे बसलेले असायचे, कोणी नाटकातला संवाद म्हणून दाखवायचा, आणि नंदलाल अर्धा कप टाकून बॉयलरकडे. एकदा तिनं विचारलं, "काका, तुमचं गाव सौंदडच्या अंगाले ना? तुमची मंडई कधी असते?"

"बंद झाली," तो तोडून म्हणाला. "कामं नाहीत का तुले?"

केवळरामनं तिला नंतर खरं सांगितलं. मंडई बंद झाली नव्हती, या भागात सगळ्यांत शेवटी भरते ती तीच. नंदलाल तरुणपणी त्या मंडईच्या नाटकात दुष्ट जमीनदाराचं काम करायचा. तो रंगमंचावर आला की लहान मुलं आयांच्या कुशीत शिरायची. मुकादम झाला आणि त्याचं जाणं सुटलं. दुसऱ्यांना सुट्टी नाकारायची आणि आपण मात्र मंडईला जायचं, हे त्याला जमलं नाही. त्याची बहीण जमुनाबाई दर वर्षी माहेरी येते, दर वर्षी भावाचं ताट वाढून ठेवते. या वर्षी तिनं निरोप पाठवलाय, माझंही वय झालं, आता तरी ये.

चमेली ऐकत राहिली. इतके दिवस या माणसाचा तिला नुसता राग होता. राग पुरता गेला नाही, पण त्याच्या बाजूला आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं. तिनं केवळरामला विचारलं, "त्याईच्या जागी कोन उभं राहीन? त्याईनं तं कोनाची जागा पाह्यली नाही. जोडीदारच नाही त्याईले."

डोक्यावर केस नुकते उगवत होते, त्यावरून केवळरामनं हात फिरवला. "हौद-बॉयलर मले समजते," तो म्हणाला. "मी उभा राहीन."

त्या शेवटच्या मंडईच्या दिवशी नेमका मोठा माल निघायचा होता. फाटकाशी ट्रक रांगेत. दुपार कलायला लागली तेव्हा नंदलाल पॅकिंगच्या शेडमध्ये आला आणि चमेलीपुढे उभा राहिला. घसा खाकरला.

"बाई, ते सौंदडवरून फोन आला होता. माया साळा. काल त्याच्या छातीत दुखाले लागलं. साकोलीले नेलं. डॉक्टर म्हने, मोठ्या दवाखान्यात न्या. मंग गाडी पाह्यली, गाडीवाला जेवाले गेला होता, त्याले बलावून आनलं, तं रस्त्यातच... हातात दवाईची चिठ्ठी होती त्याच्या..."

शिवणाचं मशीन चालवणारीनं पाय काढला. खुशबूच्या हातातलं सूप थांबलं. सगळ्यांना कळलं होतं. ज्या माणसानं हंगामामागून हंगाम असली मरणं ऐकून घेतली होती, तो आज स्वतः एक मरण घेऊन आला होता, आणि तेही अगदी केवळरामच्या जुन्या सासूसारखं, दवाखान्यासकट, चिठ्ठीसकट. कोणी एक शब्द बोललं असतं तरी सगळं शेड हसून लोळलं असतं. उदारामच्या तोंडात तो शब्द आलाही होता. चमेलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो गिळून टाकला.

नंदलालचे दोन्ही हात दुपट्ट्याचं टोक पिळत होते. इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाला साधं मागता येत नव्हतं.

"काका," ती हळू म्हणाली, "साळा बरा हाये तुमचा. मंडई हाये. जमुनाबाई वाट पाहून राहिली. जा. उद्या झोपा अन परवा या."

"अन बॉयलर?"

"मी हावो ना," मागून केवळराम म्हणाला. खांद्यावर फावडं घेऊन तो दाराशी उभा होता. "निंगा काका, गाडी सुटून जाईन."

नंदलालनं त्याच्याकडे पाहिलं. केवळराम हसत नव्हता. मग मोठ्या कष्टानं नंदलाल चमेलीला म्हणाला, "मले मंडईले जाचं हाये." एवढं बोलला आणि लहान पोरासारखा तिच्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला, जणू ते तिनं आधीच दिलं नव्हतं.

"जा ना मंग," चमेली म्हणाली.

तो गेल्यावर थोड्या वेळानं हिमांशू खाली आला. "नंदलालकाका कहाँ हैं?"

"मंडईले!" अख्खं शेड एका आवाजात ओरडलं. मशीन चालूच होतं. हौदावरून केवळरामनं हात दाखवला, पटांगणातून धानाची वाफ वर चढत होती, आणि पहिला ट्रक फाटकाबाहेर वळत होता. हिमांशू जरा वेळ तिथंच उभा राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हाँ ठेकेदारजी, आदमी मत भेजना. जरूरत नहीं है."

नंदलाल ठरल्या दिवशी सकाळी आला. त्याला म्हणे लोकांनी ओढून रंगमंचावर चढवलं होतं, आणि त्या जुन्या जमीनदारानं असा काही आवाज लावला होता की घसाच बसला. तोंडातून नुसती वारा गेल्यासारखी खरखर येत होती. तो पुढे आठवडाभर कोणावर खेकसू शकला नाही, आणि तोवर बहुधा सवयच मोडली.

त्या सकाळी तो आधी बॉयलरकडे गेला. हातात जमुनाबाईनं बांधून दिलेली अनारशांची पुरचुंडी होती. केवळराम भुसा टाकत होता. नंदलालनं पुरचुंडी त्याच्यापुढे धरली.

"त्या दिवशी," तो बसलेल्या आवाजात म्हणाला, "तुई माय गेली त्या दिवशी, मी तसं इचाराले नाही पायजे होतं."

केवळरामनं फावडं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि एक अनारसा घेतला. मग त्यानं दुसरा उचलून नंदलालच्या हातात दिला. दोघं बॉयलरच्या धगीत उभे राहून खात राहिले, आणि तेवढा वेळ भुसा चमेलीनं टाकला.